चिंतामणी जांभळा का छापला गेला: एका साडी कॅटलॉगचं प्रकरण

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. नारायण पेठेतल्या छापखान्यात आमच्या कॅटलॉगचा पहिला ताव मशीनवरून उतरला होता. ३२ पानं, १३० जीएसएम मॅट आर्ट पेपर, २००० प्रती, आणि नवरात्राच्या आधी माल दुकानात हवा. लक्ष्मी रस्त्यावरच्या ज्या साडीच्या दुकानासाठी मी हा कॅटलॉग डिझाइन केला होता त्याच्या मालकीणबाई, ज्यांना मी काकू म्हणते, स्वतः छापखान्यात आल्या. येताना कापडी पिशवीत एक निळी पैठणी घेऊन आल्या आणि तावावरच्या पाचव्या पानाशेजारी ती पसरली.

"ही चिंतामणी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही छापलीय ती जांभळी. आणि बाकीच्या सगळ्या चहात बुडवून काढल्यासारख्या दिसतायत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आठ प्लेट आणि आठ पानांचा कागद गेला होता. उरलेले तीन ताव तिथेच थांबवले.

पहिला संशय छापखान्यावर जातो. माझाही गेला. शाई जास्त सोडली असेल, मशीनचं रबरी ब्लँकेट नीट धुतलं नसेल, पावसाळ्यात कागदानं ओल धरली असेल, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. मशीनवरच्या मामांनी काही न बोलता तावाच्या शेपटाकडची रंगपट्टी पुढे केली आणि तिच्यावर शाईचा दाटपणा मोजणारा डेन्सिटोमीटर टेकवला. चारही शाया नेहमीच्या आकड्यांत. सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा एकत्र छापून तयार होणारा राखाडी चौकोनसुद्धा कुठल्याच बाजूला झुकलेला नव्हता. "मशीननं तुम्ही दिलंत तेच छापलंय, ताई," मामा म्हणाले. ओल धरलेल्या कागदानं रंग एकमेकांवरून सरकतात, पण निळ्याचा जांभळा होत नाही, हे मलाही कळत होतं.

मग दुसरा प्रश्न असा, की मी काय दिलं होतं आणि देताना मला काय दिसत होतं?

एक कबुली इथेच देते. काकूंकडून मंजुरी घेताना मी त्यांना चार पानांचं डिजिटल प्रूफ दाखवलं होतं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून चकचकीत कागदावर काढलेले लेझर प्रिंट. ते झकास दिसले, काकू खूश झाल्या. पण त्या यंत्राची पावडर वेगळी, कागद वेगळा, आणि फाइलमधले रंग ते स्वतःच्या अकलेनं फिरवून घेतं. ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या प्लेटच्या मशीनवर, काय उतरेल याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पुण्यात अर्ध्या कामांना आपण याच कागदाला प्रूफ म्हणतो आणि त्यावर सह्या घेतो.

खोली

माझी कामाची जागा सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर. पूर्वेला खिडकी, समोरची भिंत केशरी, डोक्यावर ६५०० केल्विनची, खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेली साधी एलईडी ट्यूब. (केल्विनचा आकडा मोठा तितका प्रकाश निळसर, लहान तितका पिवळट.) टेबलावर २४ इंची आयपीएस मॉनिटर, दुकानातून आणला त्या दिवशीच्या सेटिंगवर. त्याला हात लावायचं कधी कारणच पडलं नव्हतं, कारण सगळं छान दिसायचं.

एका फोटोग्राफर मित्राकडून दोन दिवसांसाठी आयवन डिस्प्ले प्रो हा पडदा मोजणारा कॅलिब्रेटर आणि खोलीतला उजेड मोजणारा लक्समीटर आणला. मॉनिटर अर्धा तास तापू दिला, कारण चालू केल्याबरोबर घेतलेला आकडा नंतर सरकतो. मग काहीही न बदलता, आहे तसा मोजला. पांढऱ्याची प्रखरता चौरस मीटरला २६५ कँडेला, पांढऱ्याचा कल ७२०० केल्विन. म्हणजे भलता उजळ आणि निळसर.

ही प्रखरता कशाच्या तुलनेत भलती, हे कळायला कागदाचा हिशेब लागतो. कागद स्वतः प्रकाश देत नाही, पडलेला परत फेकतो. पांढरा आर्ट पेपर साधारण ८५ टक्के परत फेकतो. त्यामुळे टेबलावर जितके लक्स पडतात त्याला ०.८५ नं गुणायचं आणि ३.१४ नं भागायचं, की कागदाच्या पांढऱ्याची प्रखरता कँडेलात मिळते. पावसाळी दुपारी, खिडकी अर्धी उघडी आणि ट्यूब चालू असताना, माझ्या टेबलावर २२० लक्स होते. म्हणजे कागद ६० कँडेलाचा आणि त्याच्या शेजारचा पडदा २६५ चा, चौपटीहून जास्त.

चहात बुडवलेल्या साड्यांचं उत्तर इथेच होतं, आणि ते मला वाटलं होतं त्याहून लाजिरवाणं निघालं. नुसतं कागदावर गडद दिसलं एवढंच नव्हतं. इतक्या प्रखर पडद्यावर फोटो फिकट, उडालेले वाटत होते, म्हणून मी एकेक बसून त्यांचे मधले टोन खाली ओढले होते. पडदा निळसर होता, म्हणून साड्या थंड वाटत होत्या, म्हणून मी सगळीकडे लाली आणि पिवळेपणा घातला होता. पडद्याचा दोष मी आठवडाभर मन लावून फोटोंमध्ये उतरवत होते, उलटा करून.

खोलीपासून सुरुवात केली, मॉनिटरला नंतर हात लावला. छपाई पाहण्याच्या प्रकाशासाठी आयएसओ ३६६४ नावाचं मानक आहे. त्यात डी५० म्हणजे सुमारे ५००० केल्विनचा प्रकाश सांगितलाय, काटेकोर तुलनेसाठी २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीसाठी ५००. तसं तयार कपाट माझ्या आवाक्यात नव्हतं. ५००० केल्विनच्या, ९५ च्या वर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेल्या दोन ट्यूब आणून टेबलावर लावल्या आणि खिडकीला जाड पडदा टाकला. लक्समीटरवर ४५० आले.

केशरी भिंत राहिली. ती पडद्यावर आणि कागदावर दोन्हीकडे आपला रंग सांडते. घरमालकीण आजींकडे राखाडी रंग लावायची परवानगी मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, "गणपती तोंडावर आलेत आणि सुतकी रंग कसला लावतेस?" मग टेबलामागे राखाडी चादर टांगली. काम तेच होतं.

मॉनिटर

कॅलिब्रेशन म्हणतात त्यात दोन वेगळी कामं असतात, आणि ती एकच समजल्यानं बराच गोंधळ होतो. पहिलं काम पडद्याला ठरवलेल्या स्थितीत आणायचं: इतकी प्रखरता, असा पांढरा, इतका गॅमा (मधले टोन किती उजळ दिसावेत ते). दुसरं काम, त्या स्थितीत तो नेमका कसा वागतो याचं वर्णन एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. ती फाइल म्हणजे प्रोफाइल. फोटोशॉपसारखे प्रोग्रॅम ती वाचून रंग सुधारून दाखवतात, पण ती न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच फोटो वेगळे दिसू शकतात. म्हणूनच काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पानांवरून रंगाची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

आधी मॉनिटरमधल्या हुशाऱ्या बंद केल्या. डायनॅमिक काँट्रास्ट, 'विविड' मोड, डोळ्यांसाठीचा निळा फिल्टर, विंडोजमधला नाइट लाइट. हा शेवटचा मी दोन वर्षांपूर्वी चालू करून विसरले होते. सूर्यास्तानंतर सगळा पडदा पिवळा करायचा हा उद्योग तो इमानेइतबारे करत होता, आणि माझी निम्मी कामं रात्री व्हायची.

सॉफ्टवेअर म्हणून डिस्प्लेकॅल घेतलं. ते फुकट आहे आणि आतून आर्गिल सीएमएस या दुसऱ्या प्रोग्रॅमवर चालतं. प्रखरता आणि लाल-हिरवा-निळा यांचं प्रमाण होता होईतो मॉनिटरच्याच बटणांनी जुळवावं, उरलेला बारीक फरक तेवढा सॉफ्टवेअरवर सोडावा. सगळं सॉफ्टवेअरवर टाकलं की साध्या आठ बिटांच्या पडद्यावर सावल्यांच्या उतारात पायऱ्या दिसू लागतात, आणि रेशमाच्या घड्यांवर त्या लगेच नजरेत येतात.

प्रखरता किती? ४५० लक्स गुणिले ०.८५ भागिले ३.१४, म्हणजे १२० च्या आसपास. छपाईच्या कामाला ८० ते १२० असा जो सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो तो याच हिशेबाचा भाऊ आहे. खोली बदलली की आकडा बदलतो. बटण ३१ वर आलं. पहिले दोन तास पडदा विझल्यासारखा वाटला, नंतर डोळे सरावले.

पांढऱ्यानं जास्त वेळ खाल्ला. प्रथम सवयीनं ६५०० केल्विन लावला, तर शेजारी ट्यूबखाली ठेवलेला कोरा आर्ट पेपर पिवळट दिसायला लागला. ट्यूब ५००० च्या, म्हणून पडदाही ५००० वर आणला. आता पडदा पिवळट आणि कागद निळसर. गणितानं जुळायला हवं होतं, पण डोळा उजळ पडद्याशी आणि कागदाशी सारखा जुळवून घेत नाही, आणि पडद्यातला एलईडी आणि ट्यूबमधला एलईडी यांच्या प्रकाशाची घडण वेगळी असते. आकडा एक असला तरी दिसणं एक नसतं. त्यातून आर्ट पेपरमध्ये शुभ्रता वाढवणारी रसायनं घातलेली असतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळा परत देतात, म्हणून तोच कागद खिडकीत पांढराशुभ्र आणि काही एलईडींखाली मलूल दिसतो. शेवटी कोरा कागद पडद्याच्या कडेला धरून, बटणं एकेक पायरी फिरवत, दोन्ही पांढरे एकसारखे वाटेपर्यंत बसले. तिथे मोजलं तर ५७०० निघालं. तेच लक्ष्य ठरवलं, गॅमा २.२.

मोजणी आणि प्रोफाइल व्हायला अर्धा तास गेला. शेवटच्या पडताळणीत सरासरी डेल्टा-ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, ०.८ आला; तो जितका लहान तितका बरा. या आकड्यावर फार खूश होऊ नये. प्रोफाइलनं पडद्याचं वर्णन बरोबर केलंय एवढंच तो सांगतो. छपाईशी जुळतं की नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

वाया गेलेला ताव

ते सांगायला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं: बिघडलेला ताव. त्यातल्या प्रत्येक साडीचे सीएमवायके, म्हणजे चार शायांचे, आकडे माझ्या फाइलमध्ये होते, आणि तो नीट चालवलेल्या मशीनवर छापलेला आहे हे मामांनी दाखवलं होतं. याच आकड्यांची फाइल पडद्यावर तशीच दिसली, तर पडदा खरं बोलतोय.

फाइल उघडली. नाही जुळली. जवळ आली होती, गडदपणा बरोबर होता, पण निळे-जांभळे वेगळे. तेव्हा फाइलचं प्रोफाइल पाहिलं. पडद्याच्या आरजीबीतून (लाल-हिरवा-निळा) सीएमवायकेत नेताना मी फोटोशॉपचं आयतं सेटिंग वापरलं होतं, 'यूएस वेब कोटेड स्वॉप'. ते अमेरिकेतल्या रिळावरच्या छपाईचं वर्णन. आमचं मशीन सुट्या तावांचं, आर्ट पेपरवर चालणारं. छापखान्याकडे स्वतःचं प्रोफाइल नव्हतं, पण असल्या कागदावर नीट छापणाऱ्या मशीनला फोग्रा३९ हे ऑफसेट छपाईचं प्रमाणित वर्णन बरंच जवळ जातं. ईसीआय या युरोपातल्या रंग-संस्थेच्या संकेतस्थळावरून 'आयएसओ कोटेड व्ही२ ३०० टक्के' ही फाइल उतरवून घेतली आणि आकडे न बदलता फक्त त्या प्रोफाइलमधून पाहिलं. प्रूफ सेटअपमध्ये कागदाचा रंग दाखवण्याची खूण चालू केली. ती चालू करताना पडद्याकडे पाहू नये, नाहीतर सगळा जीव गेल्यासारखा दिसतो. क्षणभर नजर दुसरीकडे न्यावी आणि मग पाहावं.

पाचव्या पानावर जांभळी साडी होती. ताव शेजारी ट्यूबखाली ठेवला. तीच जांभळी.

आपलीच चूक पडद्यावर हुबेहूब उमटलेली पाहून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. आतापर्यंत छपाई पडद्यासारखी यावी म्हणून मी धडपडत होते. आता पडदा छपाईसारखा झाला होता, आणि यापुढचं काम सोपं नसलं तरी आंधळं नव्हतं.

चिंतामणी, राणी आणि जर

चिंतामणीचं काय झालं होतं ते आता आकड्यांत दिसलं. सी ९५, एम ८६, म्हणजे सायन ९५ टक्के आणि मॅजेंटा ८६ टक्के. ऑफसेटमध्ये निळा हा सायनवर मॅजेंटा छापून होतो, आणि ही जोडी मुळातच जांभळ्याकडे झुकते. निळेपणा मोजायची लॅब पद्धतीतली बी-पट्टी घेतली (आकडा जितका उणे, तितका रंग निळा), तर पडद्याचा शुद्ध निळा उणे १०० च्याही पलीकडे असतो, आणि सायन-मॅजेंटा भरगच्च छापून गाडी उणे ४६ च्या आसपास थांबते. उरलेला निळा शाईत नाहीच. सॉफ्टवेअर तो जवळच्या कुठल्यातरी रंगात कोंबतं, आणि मी घातलेल्या लालीनं त्याला आणखी जांभळ्याकडे ढकललं होतं. जुन्या छपाईवाल्यांचा ठोकताळा असा, की निळा निळा दिसायला हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० नं कमी ठेवायचा.

उलटंही खरं आहे. चांगल्या आर्ट पेपरवरचा भरगच्च सायन माझ्या पडद्याला दाखवता येत नाही. एसआरजीबी, म्हणजे साध्या पडद्यांसाठी ठरवलेली रंगांची हद्द, १९९६ साली मांडलं गेलं ते त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांना धरून. शाईच्या मुलखाशी त्याच्या हद्दी जुळण्याचं कारण नाही. त्यामुळे मोरपंखी साड्यांच्या बाबतीत मी पडद्यापेक्षा आकड्यांवर आणि मामांच्या जुन्या नमुन्यांवर विसंबले.

सगळे ३२ पानांचे फोटो मूळ आरजीबीपासून पुन्हा केले. चार फोटो मुळातच प्रोफाइल गाळून आलेले निघाले. एसआरजीबीपेक्षा मोठ्या हद्दीच्या ॲडोब आरजीबीत काढलेले, पण फाइलवर तशी खूण नाही, म्हणून एसआरजीबी समजून उघडलेले आणि त्यामुळे मलूल. त्यांना त्यांचं प्रोफाइल परत लावलं. आधीच्या सगळ्या दुरुस्त्या फेकून दिल्या. त्यातल्या बहुतेकांची गरजच नव्हती.

मग काकूंना बोलावलं, साड्यांसकट. ट्यूबखाली साडी, शेजारी पडदा, पडद्यावर छपाईचा आभास. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. काकूंनी चिंतामणी पैठणी मेजावर सरळ केली, मग थोडी तिरकी, आणि विचारलं, "यातला कुठला रंग घेणार आहात?"

प्रश्न बरोबर होता. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. धूपछाव कापड. कोन बदलला की रंग बदलतो. फोटोग्राफरच्या दिव्यात त्यातला जांभळा धागा वर आला होता, म्हणजे काही जांभळेपणा माझ्याही आधीचा होता. काकूंनी दुकानात गिऱ्हाइकाला दाखवतात तसा पदर धरला, आणि आम्ही त्या कोनातला निळा पकडायचा ठरवला. सी ९०, एम ५०. थोडा मोरपंखीकडे झुकला, पण चिंतामणी म्हणून ओळखू येत होता. "जावेला दाखवला तर चिंतामणीच म्हणेल," हा काकूंचा निकाल, आणि मला डेल्टा-ईपेक्षा तो जास्त पटला.

जरीवर फार वेळ घालवला नाही. सोनं चार शायांत येत नाही, पिवळा आणि तपकिरीच येतो. पाचवी सोनेरी शाई घ्यायची तर ३२ पानांना परवडत नव्हती.

राणी रंगावर मात्र अडलो. त्या गुलाबीची धग मॅजेंटा शाईच्या बाहेरची आहे. प्रूफमध्ये तो शिळ्या गुलकंदासारखा दिसत होता, आणि मॅजेंटा १०० वर ठेवून त्यातला बाकीचा सगळा रंग काढून टाकला तरी फार तर ताजा गुलकंद झाला. आणि मुखपृष्ठावर नेमकी तीच साडी होती. काकूंना मी दोन साड्या शेजारीशेजारी दाखवल्या, राणी आणि डाळिंबी. डाळिंबी, कुसुंबी असले लाल ऑफसेटला फार गोड जातात, मॅजेंटावर पिवळा चढला की झालं. काकू दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मुखपृष्ठावर डाळिंबी घ्या. राणी आत ढकला."

दुसऱ्यांदा छापताना मी मशीनपाशी उभी होते. मॅट कागदावर शाई वाळली की तिचा तजेला थोडा उतरतो, म्हणून ओल्या तावावर निकाल द्यायचा नाही असं मामांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी वाळलेला ताव ट्यूबखाली नेला. हिरवे, लाल, शेवाळी, आमसुली पडद्याशेजारी ठेवून फरक सांगता येईना. चिंतामणी ठरला होता तसा. मोरपंखी पडद्यापेक्षा कागदावर अधिक तेजदार, जे अपेक्षित होतं. अंजिरी मात्र किंचित तपकिरीकडे गेली, आणि तिचं कारण मला अजून लागलेलं नाही.

कॅलिब्रेटर परत केला आणि पुढच्या महिन्यात स्वतःचा घेतला. मॉनिटरचा दिवा हळूहळू मंदावतो, कल सरकतो, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजते.

राणी साडी २३ व्या पानावर गेली. छपाईला सोडण्याआधी काकूंनी त्या फोटोखाली एक ओळ घालायला सांगितली. "प्रत्यक्ष रंगात फरक असू शकतो" हे वाक्य मी आधीच सुचवलं होतं, ते त्यांनी खोडलं आणि स्वतःचं लिहून दिलं: "हा रंग कागदावर मावत नाही. दुकानात येऊन पाहा." आठ पॉइंटमध्ये बसवली, आणि तिचा काळा चार रंगांचा होऊ दिला नाही, नुसता के १००, म्हणजे फक्त काळी शाई, ठेवला.